तेल दिल्लीला, डांबर गोराईला: हा जाहीर इशारा आहे

पेट्रोलियम मंत्रालय, महाराष्ट्र सरकार, मुंबई महापालिका आणि मुंबईसमोरच्या समुद्रात तेल काढणाऱ्या व वाहून नेणाऱ्या सर्व कंपन्यांसाठी हा मजकूर आहे. निवेदनं देऊन झाली. पोचपावत्या फायलींना लावून झाल्या. आता आम्ही गोराईकर इशारा देत आहोत. मागण्या आणि मुदत शेवटी दिली आहे, पण तिथपर्यंत पोहोचण्याआधी मधलं सगळं वाचा. उद्या कुणी म्हणू नये की आम्हाला कल्पना नव्हती.

जून लागला आणि वाऱ्याने पश्चिमेकडून जोर धरला की गोराईच्या वाळूवर काळे गोळे येऊ लागतात. काही सुपारीएवढे, काही लिंबाएवढे, काही भाकरीसारखे चपटे. वरून वाळू चिकटल्यामुळे दगड वाटतात. पाय पडला की फुटतात आणि आतून ओलं, चकचकीत डांबर बाहेर येतं. साबणाने ते निघत नाही, रॉकेल किंवा खोबरेल चोळत बसावं लागतं. सहलीला आलेला माणूस चप्पल तिथेच टाकतो आणि लाँच पकडून बोरिवलीला जातो. ज्या बाईला ओहोटीला खडकावर बसून कालवं काढायची आहेत, शिवल्या वेचायच्या आहेत, तिने कुठे जायचं? पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठून होड्या लोटल्या की हाच गोळा डोल जाळ्याच्या खोल्यात शिरतो. मग बोंबील, मांदेली, करंदी सगळ्याला वास लागतो. जाळ्याचा तेवढा भाग धुऊन साफ होत नाही, कापून टाकावा लागतो. वलांडीवर सुकत घातलेल्या मासळीला रॉकेलचा वास येतोय, एवढं बाजारात एका गिऱ्हाइकाने म्हणायचा अवकाश, पूर्ण टोपलीचा भाव पडतो.

या नुकसानीचा पंचनामा होत नाही. कारण विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: समुद्र मोठा आहे, जहाजं अनेक आहेत, तेल कुणाचं ते कसं सांगणार?

ते सांगता येतं. प्रत्येक तेलाची रासायनिक घडण वेगळी असते आणि महिनाभर लाटांनी घुसळलेल्या गोळ्यातही तिच्या खुणा टिकून राहतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेने पश्चिम किनाऱ्यावरच्या डांबरगोळ्यांची अशी ओळख पटवण्याचं काम केलं आहे. त्या अभ्यासांतून टाक्या धुऊन तेलकट पाणी समुद्रात सोडणाऱ्या टँकरांकडे बोट गेलं आहे आणि मुंबई हायच्या तेलाकडेही गेलं आहे. शास्त्र आहे, शास्त्रज्ञ आहेत, प्रयोगशाळा एका रात्रीच्या प्रवासावर आहे. गुन्हेगार शोधायचाच नाही असं ठरवलं असेल तरच तो सापडत नाही.

आता हिशेब मांडू. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल शोधलं, तेच मुंबई हाय. १९७६ च्या मे महिन्यात उत्पादन सुरू झालं. पन्नास वर्षं या समुद्राने देश चालवायला मदत केली. त्याबद्दल आमची तक्रार नाही, उलट अभिमानच आहे. पण त्याच पन्नास वर्षांत १९९३ च्या मे महिन्यात मुंबई हायहून उरणला येणारी वाहिनी फुटली आणि हजारो टन तेल समुद्रात गेलं. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय नॉर्थचा फलाट जळून खाक झाला, २२ माणसं गेली. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि हंगामाच्या तोंडावर मुंबईकरांनी मासळीकडे पाठ फिरवली. वर्ष उलटायच्या आत, ४ ऑगस्ट २०११ ला, ६० हजार टनांहून जास्त कोळसा आणि पोटात इंधन घेऊन ‘एमव्ही राक’ मुंबईसमोर बुडालं. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ येणार हे हवामान खात्याने आधीच सांगितलं होतं. तरी तेलक्षेत्रातल्या कामावरची २६१ माणसं ‘पी-३०५’ या बार्जवर थांबली. बार्ज बुडाला आणि सत्तरहून अधिक घरांतला माणूस परत आला नाही. इशारा न ऐकण्याची किंमत या समुद्राने अशी वसूल केली आहे.

किंमत इथे मोजली जाते, मग उत्पन्न कुठे जातं? संविधानाच्या अनुच्छेद २९७ प्रमाणे सागरी हद्दीतली आणि खंडमंचावरची खनिजं केंद्राच्या मालकीची आहेत. म्हणून मुंबई हायची रॉयल्टी केंद्राकडे जाते. आसाम आणि गुजरातला त्यांच्या जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी मिळते, महाराष्ट्राला समोरच्या समुद्रातल्या तेलाची मिळत नाही. कच्च्या तेलावर १९७४ च्या कायद्याने बसवलेला उपकर २०१६ पासून किमतीच्या २० टक्के केला गेला, तोही केंद्राचाच. चंद्रपूर-यवतमाळकडे कोळसा निघतो तिथे २०१५ पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणीची झळ लागलेल्या गावांसाठी रॉयल्टीच्या प्रमाणात रक्कम कायद्याने बाजूला निघते. ती नीट खर्च होते की नाही हा वेगळा वाद, पण हक्क कागदावर आहे. खनिज तेल त्या कायद्यातून वगळलेलं आहे. म्हणजे कोळशाच्या धुळीला हिस्सा आहे, तेलाच्या डांबराला नाही. हा भेद कोणत्या न्यायाने केला, ते सरकारने एकदा समोर येऊन सांगावं.

ही वाट कुठे जाते हे पाहायचं असेल तर नायजेरियाकडे पाहा. १९५६ मध्ये नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात ओलोइबिरी या गावी तेल सापडलं. खाजणं, तिवरं, खाडीत होड्या, मासळीवर पोट असा हा मुलूख आहे. गोराईचा माणूस तिथे उतरला तर त्याला परकं वाटणार नाही. दोन वर्षांत निर्यात सुरू झाली. पुढे ओलोइबिरीच्या विहिरी आटल्या, कंपनी निघून गेली आणि ज्या गावाने देशाला तेल दिलं ते गाव गरिबीतच राहिलं. पैसा राजधानीत साचला. ज्या सरकारला लोकांच्या करापेक्षा तेलाच्या पिंपातून जास्त मिळतं, त्याला लोकांचं ऐकायची गरज उरत नाही. लष्करी राजवटी आल्या, गेल्या, तेलाची वाटमारी वरपासून खालपर्यंत मुरली. ज्या देशाने जगाला कच्चं तेल विकलं, त्याचे सरकारी तेलशुद्धीकरण कारखाने बंद पडले आणि स्वतःच्या गाड्यांसाठी पेट्रोल बाहेरून आणण्याची पाळी आली. २९ मे २०२३ ला नव्या अध्यक्षांनी, बोला टिनुबू यांनी, शपथ घेतानाच पेट्रोलवरचं अनुदान संपल्याचं जाहीर केलं. पेट्रोलचे दर दुपटी-तिपटीने चढले. नायरा हे चलन मोकळं सोडताच कोसळलं. २०२४ मध्ये महागाईचा दर ३० टक्क्यांच्या वर गेला आणि ऑगस्टमध्ये भुकेली माणसं रस्त्यावर आली, त्यांतली काही गोळ्यांना बळी पडली.

त्रिभुज प्रदेशातले ओगोनी लोक हे सगळं तीस वर्षं आधी सांगत होते. १९९० मध्ये त्यांनी आपल्या हक्कांची सनद मांडली. डिसेंबर १९९२ मध्ये तेल कंपन्यांना ३० दिवसांची मुदत दिली: थकलेली रॉयल्टी आणि भरपाई द्या, नाहीतर निघा. जानेवारी १९९३ मध्ये सुमारे तीन लाख माणसं निःशस्त्र चालली. सरकारने उत्तर बंदुकीने दिलं. त्यांचा नेता, लेखक केन सारो-विवा, आणि आणखी आठ जणांना १० नोव्हेंबर १९९५ रोजी फाशी दिलं. शांतपणे बोलणारा माणूस संपवला की त्याच्या जागी कोण येतो हे २००६ मध्ये कळलं. मुखवटे घातलेली पोरं बंदुका घेऊन वेगवान होड्यांतून आली, वाहिन्या उडवू लागली, कामगार पळवू लागली. तेल उत्पादन इतकं घसरलं की २००९ मध्ये सरकारला त्याच पोरांना माफी आणि मासिक भत्ता देऊन घरी बसवावं लागलं. सारो-विवाला २०२५ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. फाशी दिल्यानंतर तीस वर्षांनी, आणि तीही न केलेल्या गुन्ह्याची.

आणि प्रदूषण? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये ओगोनी भूमीचा अहवाल दिला. एका वस्तीतल्या पिण्याच्या विहिरींत बेंझीन हे कर्करोगकारक रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक सापडलं. साफसफाईला २५ ते ३० वर्षं लागतील असं अहवाल सांगतो. बोडो गावच्या खाडीत २००८ मध्ये शेल कंपनीची तेलवाहिनी दोनदा फुटली. तिथल्या १५,६०० मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी थेट लंडनचं न्यायालय गाठलं, तेव्हा २०१५ मध्ये शेल कंपनीने ५ कोटी ५० लाख पौंडांवर तडजोड केली. पुढे मार्च २०२५ मध्ये शेलने नायजेरियातला जमिनीवरचा तेलाचा धंदा विकला. नफा सोबत गेला, काळी माती मागे राहिली.

भारत म्हणजे नायजेरिया नव्हे, हे आम्हालाही समजतं. आपली अर्थव्यवस्था तेलाच्या विक्रीवर उभी नाही, मुंबई हाय ओएनजीसी ही सरकारी कंपनी चालवते, आपल्याकडे न्यायालयं आणि निवडणुका आहेत. पण एका बाबतीत नायजेरिया आपल्या पुढे आहे. तिथल्या १९९९ च्या संविधानाने तेल देणाऱ्या राज्यांना उत्पन्नाचा किमान १३ टक्के वाटा दिला. २०२१ च्या पेट्रोलियम कायद्याने कंपनीच्या वार्षिक चालू खर्चाच्या ३ टक्के रक्कम झळ लागणाऱ्या गावांच्या न्यासाला देणं बंधनकारक केलं. एवढं रक्त सांडल्यावर त्यांना हे सुचलं. आपल्याकडेही वाटा मागणाऱ्यांचं रक्त सांडलं आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीचा हक्क मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले आणि मग साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व सरकारला मान्य करावं लागलं. आधी गोळी, मग शहाणपण, हा क्रम महाराष्ट्राने पुन्हा गिरवू नये.

न्यायालयाचा रस्ताही आम्ही पाहिला आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने २७ फेब्रुवारी २०१५ रोजी उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई मंजूर केली. बंदर, सिडको आणि ओएनजीसी यांना त्यात जबाबदार धरलं. निकालानंतरही पैशासाठीचा झगडा संपला नाही. ‘राक’ प्रकरणी लवादाने ऑगस्ट २०१६ मध्ये जहाजाच्या मालकांना १०० कोटींची पर्यावरण भरपाई ठोठावली, अपघातानंतर पाच वर्षांनी. त्या पाच वर्षांत जाळं फाटलेल्याने कर्ज काढलं, होडी विकली, पोराला कारखान्यात चिकटवलं. त्याचा हिशेब कोणत्याच निकालात नाही.

हे आत्ताच का बोलतोय, तेही ऐका. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायचं घटलेलं उत्पादन वाढवण्यासाठी ब्रिटिश कंपनी बीपीची दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवा देणारी कंपनी म्हणून निवड केली. उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढू शकतं असा अंदाज आहे. क्षेत्र पन्नास वर्षांचं, तिथल्या वाहिन्या आणि फलाट जुने, आणि त्यांतून जास्त तेल-वायू खेचायचा. बीपी ही तीच कंपनी जिच्या मेक्सिको आखातातल्या विहिरीवर २० एप्रिल २०१० ला स्फोट होऊन ११ माणसं मेली आणि जवळजवळ तीन महिने तेल वाहत राहिलं. तज्ज्ञ आणा, उत्पादन वाढवा, देशाला गरज आहे. पण धोका वाढवताना ज्यांच्या अंगावर तो येणार त्यांच्याशी एक शब्द बोलायचा नाही, हे यापुढे चालणार नाही.

गाववाल्यांनो, थोडं आपल्यालाही. ओगोनी हरले ते फक्त लष्करामुळे नाही. २१ मे १९९४ ला त्यांच्यातल्याच जमावाने त्यांच्यातलेच चार पुढारी ठार मारले आणि सारो-विवाला अडकवायला सरकारला हवं ते कारण मिळालं. नायजर त्रिभुज प्रदेशाच्या विकासासाठी २००० मध्ये खास आयोग नेमला, त्याची हजारो कामं अर्धवट पडली आणि मधली माणसं गबर झाली. आपल्याकडेही साहेबाचा माणूस पाकीट घेऊन येईल. एकाला कंत्राट, दुसऱ्याच्या मुलाला नोकरी, तिसऱ्याला देणगी देईल. कोळी, ईस्ट इंडियन, आगरी असे गट पाडायला बघेल. आपल्या या धारावी बेटावर विशेष आर्थिक क्षेत्राचा घाट घातला गेला तेव्हा गोराई, मनोरी, उत्तनची माणसं एकत्र उभी राहिली म्हणून तो बेत बारगळला, हे विसरू नका. जो कुणी गावाच्या वतीने बंद खोलीत सही करेल, त्याचं नाव गावाच्या सभेत वाचून दाखवलं जाईल. निधी मिळाला तर त्याचा पैसा न् पैसा फळ्यावर लिहिला जाईल. चोर बाहेरचा असो की घरचा, वागणूक तीच.

मागण्या पाच आहेत.

पहिली: जून ते सप्टेंबर दर महिन्याला मनोरी, गोराई आणि उत्तनच्या किनाऱ्यांवरून डांबरगोळ्यांचे नमुने घ्या, राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेकडून तपासा आणि तेल कुणाचं हे तीस दिवसांत मराठीत जाहीर करा.

दुसरी: खनिज प्रतिष्ठानाच्या धर्तीवर किनारी गावांसाठी निधी उभारा. तेलावरच्या उपकरातला ठरावीक टक्का कायद्याने त्यात आला पाहिजे. केंद्राचा कायदा बदलेपर्यंत राज्याने आपल्या अर्थसंकल्पात तरतूद करावी आणि केंद्राकडे वाट्याचा दावा लेखी दाखल करावा.

तिसरी: तेलगळतीनंतरच्या भरपाईचं सूत्र आधीच ठरवा. होडीमालक, खलाशी, मासळी विकणारी बाई, कालवं-शिवल्या वेचणारी बाई, सगळ्यांची नावं यादीत हवीत. पहिली रक्कम तीस दिवसांत द्या. दोषी कंपनीकडून वसुली करणं हे सरकारचं काम आहे, मच्छीमाराचं नव्हे.

चौथी: राष्ट्रीय तेलगळती योजना १९९६ पासून आहे. समुद्रात तटरक्षक दल उतरतं, पण किनारा साफ करायची वेळ आली की कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. गोराईत साहित्याचा साठा ठेवा, जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर जेट्टीवर लावा, हंगामाआधी एकदा सराव घ्या. समुद्रात तेलासाठी सर्वेक्षण असेल तर महिनाभर आधी मच्छीमार संस्थांना मराठीत लेखी कळवा.

पाचवी: मुंबई हायच्या जुन्या वाहिन्या आणि फलाटांचा तपासणी अहवाल जाहीर केल्याशिवाय वाढीव उत्पादन सुरू करू नका.

मुदत नारळी पौर्णिमेपर्यंत. तोवर या पाचांवर लेखी, तारखेसह, सहीसह उत्तर आलं पाहिजे. ‘विचाराधीन आहे’ हे उत्तर धरलं जाणार नाही. उत्तर नाही आलं तर दर्याला नारळ वाहून झाल्यावर होड्या काळे झेंडे लावून निघतील. पावसाळाभर गोळा केलेलं डांबर पोत्यांत भरून, तारीख आणि जागा लिहून, संबंधित कार्यालयांच्या दारात आणून ठेवलं जाईल. हरित लवादाच्या पुणे खंडपीठात दावा दाखल होईल आणि त्यात अधिकाऱ्यांना पदनामाने प्रतिवादी केलं जाईल. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, पक्ष कुठलाही असो, आधी या पाच मागण्यांवर सही करावी लागेल. यांतलं काहीही बेकायदा नाही आणि यांतलं काहीही आम्ही मागे घेणार नाही.

वाचणाऱ्या मुंबईकरांनाही एक सांगणं आहे. तुमच्या गाडीतलं पेट्रोल, शेगडीतला गॅस आणि ताटातला बोंबील एकाच समुद्रातून येतात. पहिल्या दोन गोष्टींसाठी तिसरी मारली जात असताना गप्प बसू नका. तुमच्या नगरसेवकाला, आमदाराला, खासदाराला या पाच मागण्यांबद्दल विचारा आणि उत्तर लेखी मागा.

सरकारकडे अजून वेळ आहे. तो त्यांनी वापरावा. नंतर दोष गोराईला देऊ नये.